कमरेवरचं ठिगळ

माझ्या उजव्या कमरेवर तळहाताएवढं ठिगळ आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईला ठिगळाचं काय नवल म्हणाल, पण हे कापडाचं नाही. माझ्याच मांडीची कातडी काढून डॉक्टरांनी तिथं लावलेली आहे. सहा वर्षं झाली तरी ते ठिगळ बाकीच्या अंगात मिसळलेलं नाही. रंग फिकट, त्यावर घाम येत नाही, हिवाळ्यात खोबरेल लावायचं राहिलं तर भेगा पडतात. हात लावला तर हाताला कळतं, कमरेला कळत नाही. खाज मात्र सुटते, आणि खाजवायला गेलं की नेमकी जागा सापडत नाही.

जळकोटला हायवेपासून चार पावलांवर आमचं घर. पुढच्या खोलीत माझं पायमशीन. तीसेक वर्षं मी परकर आणि ब्लाउज शिवत आले. गावातल्या निम्म्या बायकांच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे, आणि कुणाची कमर किती सुटली तेही, पण ते मी कुणाला सांगत नाही. आमच्याकडं परकराला नाडी बारीक लागते आणि ती आवळून बांधायची असते. शेतात वाकायचं, डोक्यावर भारा घ्यायचा, एसटीत चढायचं, एवढ्यात साडी सुटली तर बाईची इज्जत गेली. माझ्या आईनं मला स्वयंपाकाच्या आधी नाडीची गाठ मारायला शिकवली. गाठ रोज त्याच जागी, उजव्या बाजूला. प्रत्येकीच्या कमरेला नाडीचा काळा वळ असतो. त्याला कुणी दुखणं म्हणत नाही.

माझा वळ आधी खाजायला लागला, मग चिरला. भरायचा, पुन्हा उकलायचा. हळद झाली, तेल झालं, मेडिकलमधली ट्यूब झाली. दोन वर्षं गेली. जागाच अशी की दाखवणार कुणाला? मी नाडीखाली फडक्याची घडी घालायची आणि मशीनवर बसायची. पुढं कडेनं मांस वर आलं आणि परकराला रक्त लागायला लागलं. वाळत घातलेल्या परकरावरचे डाग ह्यांनी पाहिले, बैलांना वैरण टाकली आणि मला म्हणाले, "आवर. सोलापूरला जायचंय." त्या बाबतीत मी ह्यांना नावं ठेवणार नाही. दुसरा नवरा असता तर आणखी सहा महिने ट्यूब आणून देत बसला असता.

सोलापूरच्या डॉक्टरांनी आधी तुकडा काढला, तो तपासायला गेला, मग ऑपरेशन केलं. मी भुलीतून बाहेर आले तेव्हा मांडी पेटल्यासारखी झाली होती आणि कमरेचं काहीच कळत नव्हतं. "काय निघालं?" म्हणून मी ह्यांना विचारलं.

"चरबीची गाठ व्हती. नाडीनं घासून चिघळली. सगळी काढली."

मी विश्वास ठेवला. हे खोटं बोलत नाहीत अशी आमच्या भागात ख्याती आहे आणि ती खरी आहे. बाजारात बैल विकताना बैलाची खोड आधी सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. अशा माणसाचा शब्द खोडून डॉक्टरला पुन्हा विचारायला मी कशाला जाईन?

टाके काढायला एकदा गेलो, पट्टी बघायला एकदा. डॉक्टरांनी नाडी बारीक बांधू नका एवढं सांगितलंय, असं ह्यांनी मला कळवलं. म्हणून मी माझ्यासाठी चार बोटं रुंद पट्ट्याचे परकर शिवले. तीन महिन्यांनी एका सकाळी हे धुतलेला सदरा घालून, हातात पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

"सोलापूरला जाऊन येऊ. डॉक्टरला दाखवून."

माझ्या पुढ्यात लग्नसराईची अकरा ब्लाउजं पडलेली. त्यात आमच्याच मुलीची सोयरीक उमरग्याला ठरलेली, दोन महिन्यांवर लग्न. मी मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "जखम भरली, टाके निघाले. आता काय त्या डॉक्टरचं दर्शन घ्यायचंय का? तुम्हाला फिरायची हौस आली असंल तर तुम्ही जा." हे "बरं" म्हणाले, पिशवी खुंटीला लावली आणि शेतात गेले. पुढं आणखी दोनदा त्यांनी विषय काढला, दोन्ही वेळा मी उडवून लावला. नंतर त्यांनी विचारायचं सोडलं.

लग्न झालं. मुलगी उमरग्याला नांदायला गेली. जावयाचं हायवेवर हार्डवेअरचं दुकान आहे, माणूस चांगला आहे. नात झाली. चार वर्षं मी ऑपरेशनची आठवणही काढली नाही.

मग एके दिवशी आंघोळ करताना उजव्या जांघेत बोटाला गाठ लागली. चिंचोक्याएवढी, टणक. मला काडीची भीती वाटली नाही. पायात काटा मोडला की जांघेत अवधान, म्हणजे गाठ, येतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी पाय उजेडात धरून काटा शोधत बसले. टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, सुईनं दोन ठिकाणी उकरूनही पाहिलं. काटा मिळाला नाही. आत खोल गेला असेल म्हणून तळव्याला बिब्बा लावला, जांघेला मिठाच्या पोटलीचा शेक दिला. दीड महिना मी नसलेला काटा काढत होते. ह्यांना सांगितलं नाही, कारण अवधान आलं हे काय सांगायचं?

गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा मी नातीला बघायला उमरग्याला गेले होते. मी लंगडतेय हे मुलीनं पाहिलं. तिला म्हटलं, "अवधान हाय गं, जाईल." तिचा चेहरा एकदम उतरला. पोळ्या अर्ध्या टाकून तिनं रिक्षा बोलावली. आईची केवढी काळजी करते पोरगी, असं मला कौतुकच वाटलं. रिक्षात मी तिला तसं म्हणालेही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गाठ दाबून पाहिली, मग कमरेचं ठिगळ पाहिलं आणि विचारलं, "मावशी, याचा रिपोर्ट काय आला होता?"

"चरबीची गाठ."

"चरबीच्या गाठीसाठी एवढी कातडी नाही लावत हो." त्या माझ्याकडून मुलीकडं वळल्या. मुलीनं पर्समधून मोबाइल काढला. शोधायला तिला वेळ लागला नाही. बोट दोनदा फिरवलं आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यात माझ्या रिपोर्टचा फोटो होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा मी तळव्यात काटा शोधत होते आणि उत्तर माझ्या लेकीच्या पर्समध्ये होतं.

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून सरळ मराठीत सांगितलं, "मावशी, तुमचा कातडीचा कॅन्सर होता. तो तेव्हा पूर्ण काढला होता. आता ही गाठ त्याचीच असू शकते. लगेच सोलापूरला जा."

लोक म्हणतात, तो शब्द ऐकला की पायाखालची जमीन सरकते. माझी नाही सरकली. मला राग आला. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, सासूबाईंच्या काळातही नाही. परत येताना मुलगी रिक्षात रडत होती आणि मी तिच्याकडं पाहत नव्हते.

"आई, अण्णा म्हणले, लगीन व्हईपर्यंत सांगायचं न्हाय. तुला कळलं की तू बोलून दाखवशील, गावभर व्हईल, सोयरीक मोडंल."

"आणि लगीन झाल्यावर?"

"मग बाळंतपण आलं. मग लई उशीर झाला असं वाटलं. धीरच झाला न्हाय." नाक पुसून ती हळूच म्हणाली, "सासूबाईंना अजून म्हायती न्हाय. त्यांच्यापुढं काय बोलू नको, आई. तुझ्या पाया पडते."

त्या क्षणी माझा राग अर्धा उतरला, हे कबूल करते. आईला कॅन्सर म्हटल्यावर लोक मुलीकडं कसं बघतात ते मला शिकवायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मला विचारलं असतं तर मी स्वतःच तोंडाला कुलूप घातलं असतं, आणि ह्या दोघांपेक्षा चांगलं घातलं असतं. गुपचूप सोलापूरला गेले असते, गुपचूप आले असते. लेकीच्या संसारासाठी एवढं कोणती आई करणार नाही? मला एवढंही करू दिलं नाही, याचा मात्र राग राहिला.

सोलापूरचे डॉक्टर तेच होते. त्यांनी जुने कागद पाहिले आणि चिडले. "तुम्हाला दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं. दर वेळी जांघ तपासायची होती. मी स्वतः सांगितलं होतं."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाले, "मी म्हणत व्हतो, साहेब. तीच न्हाय म्हणली."

आणि हे खरं होतं. तिथं मला काय वाटलं ते कसं सांगू? मला कशासाठी जायचंय ते सांगायचं नाही, मी नाही म्हणाले की "बरं" म्हणायचं, आणि वेळ आली की माझं "नाही" माझ्याच पदरात टाकायचं. मी डॉक्टरांना विचारलं, चिंचोक्याएवढी असतानाच तुम्हाला दाखवली असती तर? ते भले गृहस्थ, त्यांनी गोड बोलून टाळलं नाही. म्हणाले, "नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण लहान असताना काढणं सोपं असतं. त्रासही कमी होतो."

जांघेतल्या सगळ्या गाठी काढल्या. त्या जागेतून नळी बाहेर काढून बाटली जोडली होती. ती बाटली मी तीन आठवडे सोबत घेऊन हिंडले. टाक्यांची एक कड उसवली. डॉक्टरांच्या हातच्या शिलाईत मला एरवी खोट दिसली नव्हती, पण जांघेची जागा म्हणजे ब्लाउजच्या काखेसारखी, ताण तिथंच येतो. नंतर शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे दिवस. कातडी काळी पडली, सोलली, पुन्हा आली. पाय मात्र पहिल्यासारखा झाला नाही. गाठी काढल्या की पायातलं पाणी वर जायची वाट बंद होते म्हणे. संध्याकाळपर्यंत उजवा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत सुजतो. पायमशीन बंद झालं, मोटर बसवून घेतली. मोटरीचं मशीन भरभर पळतं आणि माझ्या हाताला ते अजून पटत नाही. पायाला मुंगी चावली तरी औषध लावावं लागतं. अनवाणी चालायची मुभा नाही, त्यामुळं देवळात लांबूनच हात जोडते.

रोज सकाळी हे माझ्या पायाला पट्टी बांधतात. बोटांपासून वर, सारख्या ताणानं, एक वळ न पाडता. हात चांगला आहे त्यांचा. मी पाय पुढं करते आणि खिडकीबाहेर बघते. आपलेच दात, आपलेच ओठ, चावले तर तक्रार कुणाकडं करायची? तपासणीचा नियम मात्र मी बदलला. फाइल माझ्या पिशवीत असते. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर मी एकटी बसते, हे बाहेर बाकावर. जांघ, पोट, छाती, जे काही निघेल ते पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं पाहिजे, असं मी डॉक्टरांना बजावून ठेवलं आहे. आतापर्यंत काही निघालेलं नाही. पुढचं ते सांगत नाहीत आणि मी खोटा दिलासा मागत नाही. मरणाची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती ही की मरण आधी दुसऱ्यांना कळेल आणि मी ब्लाउजांना हुकं लावत बसलेली असेन.

गिऱ्हाईक बायकांना आता मी बारीक नाडी घालून देत नाही. "घट्ट बसती की," म्हणून एखादी हटून बसली तर परकराचा पट्टा खाली सरकवून ठिगळ दाखवते. दोघीतिघींना दवाखान्यात धाडलंय, एकीला तर मी स्वतः मागं लागून नेलं. गावात मी उघडपणे कॅन्सर म्हणते. फक्त उमरग्यापुरतं तोंड बंद होतं. विहीणबाई आल्या की मी पाय साडीत घेऊन बसायची आणि वात आलाय म्हणायची. मुलीला दिलेला शब्द होता.

गेल्या महिन्यात विहीणबाई तुळजापूरला देवीला निघाल्या होत्या, वाटेत सकाळी आमच्याकडं उतरल्या. पाय ठणकत होता. साडीत लपवता लपवता माझ्यावर मशीनवरून पडायची वेळ आली, आणि मला माझाच वीट आला. चार वर्षांची नात आहे, आता कोण सोयरीक मोडणार? मी चहा पुढं केला आणि म्हणाले, "विहीणबाई, एक सांगायचंय. राग मानू नका. हा वात न्हाय." आणि ठिगळापासून जांघेपर्यंत सगळं सांगून टाकलं. लग्नाआधीचं आहे, हेही सांगितलं.

विहीणबाईंनी बशीतला चहा पिऊन संपवला. "आता गं बाई, हे काय नवीन सांगायलाव? आमाला सुपारी फुटायच्या आधीच म्हायती हाय की."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजी? तुमच्या मालकांनी. बैठकीत." मग त्यांनी सविस्तर सांगितलं. सोयरिकीची बोलणी करायला दोन्हीकडची पुरुषमाणसं बसली होती. याद्या करायच्या आधी हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, पोरीच्या आईला असं असं निघालंय, ऑपरेशन झालंय, नंतर कळलं असं व्हायला नको, पटत असलं तर पुढं बोलू. "आमचे हे घरी येऊन म्हणले, एवढा सरळ माणूस जिल्ह्यात मिळायचा न्हाय, ही सोयरीक सोडायची न्हाय. तुमी कधी विषय काढला न्हाय म्हणून आमी पण न्हाय काढला. लई सोसलं बघा तुमी." मग माझ्या तोंडाकडं बघत त्या थबकल्या. "तुमाला ठावं व्हतं ना, बैठकीत सांगितल्यालं?"

"व्हतं की," मी म्हणाले. "तुम्हाला ठावं हाय का ते बघत व्हते." नवऱ्याची अब्रू राखायची सवय अशी, जीभ आपोआप वळते.

त्यांची गाडी गेल्यावर मी मागं गेले. हे पत्र्याच्या शेडमध्ये तुरीचं बियाणं निवडत बसले होते. मी बाजेवर बसले आणि पाय वर घेतला.

"विहीणबाईंना बैठकीत सांगितलं व्हतं तुम्ही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "सोयऱ्याला फसवायचं न्हाय."

"मग पोरीला का सांगितलं, लगीन मोडंल म्हणून? पाच वर्षं सासूला भ्याली ती."

"तिला काहीतरी सांगावं लागलं. ती तुला बोलली असती."

"आणि मला?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाले, "चार माणसांत बोलताना काय वाटलं न्हाय. तुझ्यापुढं आलो की जीभ उचलत नव्हती. तुझ्या हातात कायम कात्री, तोंडात टाचण्या, तू आपली हसत बोलायचीस. कसं सांगू? आणि एकदा न्हाय सांगितलं की मग रोजच न्हाय सांगितलं."

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. कदाचित दुसरी बाई विरघळली असती. मला एवढंच दिसत होतं, की परक्या माणसांच्या सोयरिकीसाठी ज्याची जीभ चालली, त्याची माझ्या जिवासाठी चालली नाही.

"मला सोडून कुणाकुणाला ठावं व्हतं?" मी विचारलं.

विचारलं की खरं सांगायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी उजव्या हाताची बोटं मोजायला घेतली. व्याही. व्याह्यांचे दोन भाऊ. पोराचा मामा. सोयरीक आणणारा मध्यस्थ. मूठ मिटली तेव्हा त्यांनी डावा हात पुढं केला. माझी धाराशिवची थोरली बहीण. तिचा नवरा. आमची लेक. मग जरा आठवून त्यांनी आणखी एक बोट मिटलं, परकर-ब्लाउजाचं कापड आणि नाडीचं बंडल आम्ही ज्याच्याकडून आणतो तो दुकानदार.

"एवढेच," ते म्हणाले. "बाहेर कुणाला बोललो न्हाय मी."